कॉम्प्युटरवाली दुर्बीण घेताना

अभ्यासिकेतल्या मुलांसाठी जमवलेली वर्गणी खिशात घालून आम्ही जुनी दुर्बीण पाहायला गेलो. मालक म्हणाले, "सेल संपलेत, पण चालू आहे." अशा बोलण्यावर पैसे मोजू नयेत. आम्ही १२ व्होल्टचा सप्लाय बरोबर नेला होता.

सेलेस्ट्रॉनच्या नेक्सस्टार ८ एसईसारख्या दुर्बिणीला ८ पेन्सिल सेल लागतात. आत विसरलेले सेल पाझरले की पट्ट्यांवर थर चढतो. तो आधी पाहा. मग पुढच्या काचेवर तिरकी बॅटरी मारा. धूळ चालेल, जाळ्यासारखी बुरशी नको. आपल्या पावसाळ्यात ती फार धरते.

खरी परीक्षा मोटरची. बटणे दाबून वर-खाली, डावी-उजवी, हळू आणि जोरात फिरवून पाहा. कान द्या. करकर नको, अडखळणे नको. दुर्बीण भलतीकडेच वळली तर मात्र लगेच नावे ठेवू नका. गाव, तारीख, वेळ चुकीची भरली असेल. ती दुरुस्त करून दोन ओळखीचे तारे दाखवा, मग तिसरा शोधायला सांगा.

आम्ही पाहिलेली दुर्बीण उजवीकडे फिरेना. मुलांची तोंडे उतरली. वर्गणी तशीच परत आणली, खजिनदारांच्या हाती दिली.