विश्लेषण : डाउनलोड केलेली फाइल जाते कुठे?

प्रवेश, शिष्यवृत्ती किंवा नोकरभरतीचा अर्ज भरताना अनेकांची गाडी एकाच पायरीवर अडते : ‘कागदपत्रे अपलोड करा’. दाखला मोबाइलमध्ये असतो, पण सापडत नाही. सापडलाच तर ‘फाइलचा आकार मोठा आहे’ असा संदेश येतो. हा दोष वापरणाऱ्याचा की यंत्रणेच्या रचनेचा?

फाइल सापडत का नाही?

फाइल आणि फोल्डर ही कल्पना कार्यालयातील कागद व कपाटावरून आली. १९८१ मध्ये आलेल्या ‘झेरॉक्स स्टार’ संगणकाच्या पडद्यावर ती चित्ररूपात दिसली. मोबाइलने हे कपाटच नजरेआड केले. फोटो गॅलरीत, कागद चॅटमध्ये. रोजच्या वापराला हे सोयीचे. मात्र अर्जातील ‘फाइल निवडा’ हे बटण दाबले की तेच कपाट समोर येते. अँड्रॉइडवर ब्राउझरमधून उतरवलेली फाइल ‘डाउनलोड’मध्ये, तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली त्याच्या स्वतंत्र फोल्डरमध्ये असते. तिचे नावही अनेकदा तारीख आणि क्रमांकाचे असते. मग ‘उत्पन्नाचा दाखला’ असे शोधून ती मिळणार कशी?

आकाराची अडचण काय?

बँक भरती परीक्षा घेणाऱ्या ‘आयबीपीएस’च्या अर्जांत छायाचित्र साधारण २० ते ५० केबी आणि स्वाक्षरी १० ते २० केबी अशी अट असते. मोबाइलवरचा फोटो सहज दोन-तीन एमबी, म्हणजे दोन-तीन हजार केबीचा असतो. त्यात आयफोन २०१७ पासून ‘एचईआयसी’ प्रकारात फोटो साठवू लागला, अर्ज मात्र ‘जेपीजी’ मागतात. फोटो लहान करणे, त्याचा प्रकार बदलणे ही कामे अर्जाचे संकेतस्थळ स्वतः करू शकते. ते करत नसल्याने लोक आधार कार्डासारखी कागदपत्रे कुठल्याशा अनोळखी संकेतस्थळावर लहान करायला टाकतात. गोपनीयतेचा खरा धोका इथे आहे.

सगळे लपवले की सोपे होते?

नाही. विंडोज फाइलच्या नावाचे शेपूट, म्हणजे तिचा प्रकार सांगणारी अक्षरे, मुळातच लपवून ठेवते. २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ विषाणू पसरण्यास याचाच हातभार लागला. प्रेमपत्र वाटणारी ती फाइल प्रत्यक्षात प्रोग्राम होती. आज लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाच्या नावाखाली ‘एपीके’ फाइल पाठवून फसवणूक होते, त्यामागची युक्ती तीच. ‘एपीके’ म्हणजे कागद नव्हे, अ‍ॅप. त्यामुळे काय लपवावे आणि काय ठळक दाखवावे, हे ठरवणे महत्त्वाचे.

पर्याय कोणता?

२०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘डिजिलॉकर’मध्ये संबंधित विभागच दाखला देतो. २०१७ मधील नियमदुरुस्तीनुसार असा दाखला मूळ प्रतीच्या बरोबरीचा मानला जातो. आपण स्वतः स्कॅन करून ठेवलेल्या प्रतीला तो दर्जा नाही. अर्ज थेट तिथून दाखला घेत असेल, तर शोधणे, लहान करणे, अपलोड करणे हे तिन्ही टळते.

तोवर काय करावे?

दाखला मिळताच त्याला ओळखू येईल असे नाव द्यावे आणि सर्व कागदपत्रे एकाच फोल्डरमध्ये ठेवावीत. व्हॉट्सअ‍ॅपवर ती पाठवताना ‘फोटो’ऐवजी ‘डॉक्युमेंट’ निवडावे, म्हणजे अक्षरे पुसट होत नाहीत. आयफोनच्या कॅमेरा सेटिंग्जमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडल्यास फोटो ‘जेपीजी’त निघतात. आलेल्या फाइलच्या शेवटी ‘एपीके’ दिसल्यास ती उघडू नये.