इंग्रजी बोलू या : गाडी थांबली, पण कशी?

मैत्रिणींनो, लेकीकडे अमेरिकेला निघालेल्या एका वाचक भगिनीने विचारलंय, "थांबणे म्हणजे 'स्टॉप', एवढं पुरे ना?" नाही हो! चालतं इंजिन एकाएकी बंद पडलं तर 'स्टॉल', बिघाड होऊन गाडी रस्त्यात अडली तर 'ब्रेक डाउन'. तिथला पोलीस 'पुल ओव्हर' म्हणाला, तर तो स्वेटर मागत नाही. गाडी कडेला घेऊन थांबवा, म्हणतो. मग आपल्याकडच्यासारखं खाली उतरून त्याच्याशी बोलायला जाऊ नका. तिथे ते धोक्याचं समजतात. जावईबापूंसकट सगळ्यांनी आतच बसावं, हात दिसतील असे ठेवावेत. 'पुल अप'चा घोळ निराळाच. एरवी अर्थ 'येऊन थांबणे'. पण गाडीतूनच खाणं घ्यायच्या खिडकीपाशी 'पुल अप' म्हटलं, की गाडी पुढे घ्यायची!