अठरा भोकांची पेटी

माझं मत स्पष्ट आहे आणि ते मी आमच्या भाच्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे. घरी गाणं रेकॉर्ड करायला अठरा भोकांची पेटी घेणारा माणूस आणि दोघांच्या संसारात चोवीस ताटांचा डिनर सेट माळ्यावर चढवून ठेवणारा माणूस, हे दोघे एकाच माळेचे मणी!

प्रकरण सुरू झालं संक्रांतीला. आमची आत्या, वय वर्षे 83. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी भरीला घातलं म्हणून जात्यावरच्या ओव्या म्हणू लागली, ती थांबेचना. हिनं वहीत एकेकीचे पहिले शब्द टिपले. 34 भरल्या.

"अहो, हे जपून ठेवायला हवं," ही म्हणाली.

मी खिशातून मोबाईल काढला. तेवढ्यात भाचा कडाडला, "मामा! आत्याआजीच्या ओव्या मोबाईलवर? मल्टिट्रॅक करू. चांगला ऑडिओ इंटरफेस घेऊ."

मी मोबाईल परत खिशात ठेवला. आयुष्यात माणसाच्या हातून चुका होतात, त्यातली ही एक.

हा इंटरफेस म्हणजे काय, तर एक पेटी. माईककडून येणारा विजेचा क्षीण इशारा मोठा करायचा, त्याचे आकडे करून कॉम्प्युटरला द्यायचे आणि कॉम्प्युटरकडचे आकडे पुन्हा आवाज करून हेडफोनात सोडायचे. झालं. आत्याला कळलं की पेटी आणायची आहे, तर ती म्हणाली, "मला नको हो पेटीची साथ. ओवीला जातं पुरतं."

त्या दिवशी घरात शहाणं बोलणारी ती एकटीच होती.

भाच्यानं तक्ते केले. इनपुट किती, आउटपुट किती, बिट किती, किलोहर्ट्झ किती. मुलगी बघतानासुद्धा आमच्या घरात इतक्या चौकशा झाल्या नव्हत्या. शेवटी त्याचं मन अठरा इनपुटांवर बसलं. मी विचारलं, "अरे, गाणार एक आत्या. अठरा कशाला?"

"पुढंमागं लागले तर?"

वाचकहो, या 'पुढंमागं'नं मराठी मध्यमवर्गाचे जितके माळे भरले आहेत, तितकी धान्याची कोठारं भरली असती तर दुष्काळ पडला नसता! मी चष्मा पुसून त्या अठरांचा हिशेब वाचला. माईक लागतील अशी भोकं चार. आणखी चार कीबोर्डसारख्या वाद्यांसाठी. आठ एका ऑप्टिकल वायरीतून, म्हणजे त्यासाठी आणखी एक आठ भोकांचं यंत्र विकत घ्यायचं. उरलेली दोन डिजिटल. अठराविश्वे दारिद्र्य म्हणतात ते हेच.

मुळात गल्लत होते ती 'मल्टिट्रॅक' या शब्दापाशी. ट्रॅक पुष्कळ म्हणजे भोकं पुष्कळ नव्हेत. आज तबला भरा, उद्या त्यावर गाणं, परवा व्हायोलिन. एका भोकातून वीस ट्रॅक एकामागून एक भरता येतात. मोजायचं ते एवढंच, की एकाच वेळी वाजणार किती? कोणाकडे आठ माईकांचा ड्रमसेट असेल किंवा अख्खं भजनी मंडळ एकदम बसणार असेल, त्यानं खुशाल मोठी पेटी घ्यावी. बाकीच्यांना दोन पुरतात. बीटल्सनी 1967 सालचा 'सार्जंट पेपर' चार ट्रॅकच्या टेपयंत्रांवर केला. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान गायल्या तेव्हा तर माईकही नव्हता. एक कर्णा आणि त्यात सोडलेला आवाज. तो आजही ऐकू येतो.

तीच गोष्ट त्या 192 किलोहर्ट्झची. माणसाचा कान, तोही तरुणपणी, फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि तेवढ्याला सीडीचे 44.1 पुरतात. माझ्या कानाला स्वयंपाकघरातून मारलेली हाक पोचत नाही, त्याचे इतके लाड कशाला? पेटी आपल्या कॉम्प्युटरशी भांडत नाही ना, कंडेन्सर माईकला लागणारे 48 व्होल्ट देते ना, आपला आवाज आपल्याला विनाविलंब ऐकवते ना, एवढं पाहावं. उरलेले पैसे चांगल्या माईकवर घालावेत आणि दाराला एक गोधडी टांगावी.

हे सगळं मी घरात बोललो तोवर दिवाळी आली होती. मग मात्र मी चपला घातल्या आणि दोन भोकांची पेटी घेऊन आलो.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पंखा बंद केला, दाराला गोधडी लावली, गॅलरीतलं जातं सतरंजीवर मांडलं. एक माईक आत्यापुढे, एक जात्याशी. एकाच वेळी वाजणारे दोन, भोकं दोन. घरघर सुरू झाली आणि आत्याचा आवाज तिच्यावर असा बसला, की भाच्यानंही आकड्यांकडे पाहिलं नाही.

संपल्यावर हिनं वही काढली. 27 झाल्या होत्या. उरलेल्यांचे पहिले शब्द वाचून दाखवले. आत्या जात्याच्या खुंट्यावर हात ठेवून, डोळे मिटून बराच वेळ बसली. मग म्हणाली, "संक्रांतीला येत होत्या गं."

सात ओव्या. तक्त्यात हा रकाना नव्हता.

रात्री भाचा हळूच म्हणाला, "मामा, त्या सातांसाठी एक ट्रॅक मोकळा ठेवलाय. पुढंमागं आठवल्या तर."

या वेळी त्या 'पुढंमागं'वर मी काही बोललो नाही. आता मोबाईल तेवढा उशाशी घेऊन झोपतो.