अनुभवाची झडती

गूढवाद म्हटला की साक्षात्कार, दिव्य दर्शने, भान हरपणे, एवढेच आपल्याला आठवते. पण ख्रिस्ती परंपरेत ज्यांना असे अनुभव आले, त्यांनीच त्यांची सर्वांत कडक झडती घेतली. हा गूढवाद आजही कामाचा वाटतो तो या संशयी वृत्तीमुळे. आविलाची तेरेसा (१५१५–१५८२) ही स्पॅनिश जोगीण स्वतः दर्शने पाहणारी. तरीही १५७७ साली लिहिलेल्या ‘आंतरिक किल्ला’ या ग्रंथात ती एका अशक्त स्त्रीची हकीकत सांगते. ही स्त्री तासन् तास, एकदा तर आठ तास, गुंगीत राहिली आणि भोवतालच्यांना ती ईश्वरी कृपा वाटली. कोणा जाणत्याच्या सल्ल्याने तिला नीट जेवू-झोपू घातले, तपश्चर्या कमी केली आणि ‘समाधी’ उतरली! शेजाऱ्यावरचे प्रेम वाढते आहे का, हातून काम होते आहे का, हा तेरेसाचा निकष. १५६२ पासून मठामागून मठ स्थापताना घरांची खरेदी, कर्जे आणि कज्जे तिने स्वतः निस्तरले.

यावर एक वजनदार आक्षेप आहे: ही सावधगिरी म्हणजे निव्वळ इन्क्विझिशनची, पाखंड हुडकणाऱ्या धर्मन्यायालयाची, धास्ती. धास्ती होतीच. तेरेसाचे आजोबा धर्मांतरित ज्यू. १४८५ मध्ये तोलेदोत त्यांना जाहीर प्रायश्चित्त घ्यावे लागले होते. पुढे तिच्या आत्मचरित्राचे हस्तलिखितही इन्क्विझिशनकडे गेले. पण जेवणा-झोपेचा सल्ला काही न्यायाधीशांना खूश करण्यासाठी दिलेला नाही. तो मठातल्या भगिनींसाठी आहे. तिचा सहकारी क्रुसाचा योहान तर खरी दर्शनेसुद्धा धरून ठेवू नका म्हणतो. त्याला १५७७ च्या डिसेंबरात कोंडले ते इन्क्विझिशनने नव्हे, तर तेरेसाच्या मठसुधारणेला विरोध करणाऱ्या त्याच्याच संघातल्या बंधूंनी. तोलेदोच्या त्या कोंदट खोलीत, सुमारे नऊ महिन्यांत, त्याच्या काही श्रेष्ठ कविता आकाराला आल्या. मनातला कोरडेपणा म्हणजे देवाने पाठ फिरवली असे नव्हे, हे तो पुढे बारकाईने मांडतो.

आज ध्यानशिबिरांत मनःशांतीची हमी मिळते आणि अनुभव आला नाही की साधकाला आपलेच काही चुकले असे वाटते. अशा वेळी योहान उपयोगी पडतो. मात्र श्रद्धा वगळून नुसते तंत्र उचलता येईल, असे मानणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. या दोघांच्या लेखी ईश्वर हा अनुभव नव्हेच, म्हणून तर अनुभव ओसरल्यावरही प्रार्थना चालू राहते. नास्तिक वाचकाला हा पाया मान्य नसेल. मग कोरड्या दिवसांतही का टिकून राहायचे, याचे उत्तर त्याला स्वतःच्या भूमिकेतून शोधावे लागेल.