पालीची शेपटी आणि चालणारे पाय

परवा आमच्या स्वयंपाकघरात एकच गोंधळ उडाला. दाराच्या फटीत सापडलेली पाल कशीबशी निसटली, पण शेपटी मात्र तिथंच टाकून गेली. ती तुटकी शेपटी फरशीवर नुसती वळवळत होती! आमची सातवीतली भाची खुर्चीवर चढून ओरडली, "मामा, हिला तर डोकंच नाही. मग हिला हलायला सांगतंय कोण?"

प्रश्न लाखमोलाचा होता. शेपटीत पालीच्या मज्जारज्जूचा एक तुकडा असतो. मेंदूशी संबंध तुटला तरी तो थोडा वेळ स्नायूंना हुकूम सोडत राहतो.

"पण आपलं चालणं तर मेंदूच चालवतो ना?" भाचीचा पुढचा प्रश्न. मी म्हटलं, चालता चालता सतराचा पाढा म्हणून बघ. मेंदू पाढ्यात अडकलेला असतो, तरी पाय आपले चालतच राहतात. 'आता डावा, आता उजवा' असं कुणी सांगावं लागत नाही.

शंभरएक वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांना वाटायचं, की चालणं म्हणजे प्रतिक्षिप्त क्रियांची साखळी. एक पाऊल टेकलं की त्याची वर्दी मज्जारज्जूला जाते, मग दुसरं उचललं जातं. १९११ साली थॉमस ग्रॅहम ब्राऊन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं गुंगीतल्या मांजरांवर प्रयोग केले. मेंदूकडून येणारा मार्ग त्यानं तोडला. पायांकडून वर्दी आणणारे चेतातंतूही तोडले. तरीही पायांचे स्नायू आळीपाळीनं आखडत आणि सैल पडत राहिले! म्हणजे चालण्याचा ठेका मज्जारज्जूतच होता. पण जवळजवळ पन्नास वर्षं या शोधाकडे फारसं कुणी लक्षच दिलं नाही. ब्राऊनसाहेब मात्र हाडाचे गिर्यारोहक. १९२७ आणि १९२८ साली त्यांनी जोडीदाराबरोबर माँ ब्लाँ पर्वतावर चढायच्या नव्या वाटा शोधल्या.

१९६६ साली मॉस्कोत शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्स्की यांनी आणखी एक गंमत दाखवली. मांजराच्या मेंदूतल्या एका खास जागी विजेचा हलका झटका दिला, की ते सरकत्या पट्ट्यावर चालू लागे. झटका वाढवला की दुडकी चाल, आणखी वाढवला की चौखूर धाव! टांगेवाला लगाम हलवून 'चल' म्हणतो, पण कुठला पाय आधी टाकायचा हे घोड्याला शिकवत बसत नाही. मेंदूचं काम तसंच.

मग मज्जारज्जूतल्या कोणत्या पेशी हे काम करतात? याच प्रश्नाला स्वीडनच्या स्टेन ग्रिल्नर यांनी सारी हयात वाहिली. त्यांचा जन्म १९४१ चा. सुरुवातीला त्यांनीही मांजरांवरच काम केलं. पण मांजराच्या मज्जारज्जूत पेशींची एवढी गर्दी, की एकेकीचा माग काढणं महाकठीण. म्हणून त्यांनी लॅम्प्रे नावाचा जबडा नसलेला, सापासारखा लांबट जलचर निवडला. त्याचं घराणं आपल्या घराण्यापासून सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वी वेगळं झालं. त्याचा मज्जारज्जू रिबिनीसारखा चपटा असतो. शरीराबाहेर काढून थंड, खारट द्रावणात ठेवला तरी तो बराच काळ जिवंत राहतो.

त्या द्रावणात ठरावीक रसायन घातलं, की रज्जूतून पोहण्याचे संकेत निघू लागत. आधी डावी बाजू, मग उजवी. आणि लाट डोक्याकडून शेपटीकडे. तिथं ना मेंदू, ना स्नायू, ना पाणी कापणं! स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत ग्रिल्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं एकेका पेशीचा माग काढला. प्रत्येक बाजूला काही पेशी एकमेकींना चेतवतात, तर काही समोरच्या बाजूला गप्प करतात. जणू सीसॉवरची दोन मुलं : आता माझी पाळी, मग तुझी. रज्जूच्या कडेला ताण ओळखणाऱ्या पेशीही सापडल्या. शरीर किती वाकलं हे त्या कळवतात, म्हणून लाट जरुरीप्रमाणे बदलते. या कामासाठी २००८ साली ग्रिल्नर यांना, आणखी दोघांबरोबर, काव्हली पुरस्कार मिळाला.

"पण याचा उपयोग काय?" असं आईबाबा विचारतील. अपघातात पाठीच्या कण्याला मार बसला, की मेंदूचा निरोप पायांपर्यंत पोचत नाही. पण जखमेच्या खालचं पेशींचं जाळं बरेचदा जिवंत असतं. २०१८ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी अशा तीन रुग्णांच्या मज्जारज्जूला नेमक्या जागी, नेमक्या वेळी विजेचे हलके झटके दिले. सराव आणि आधार यांच्या जोरावर ते तिघे पावलं टाकू लागले. हा सगळ्यांसाठीचा रामबाण उपाय नव्हे, पण वाट दिसली हे खरं.

भाची गप्प झाली. मग हळूच म्हणाली, "पण मामा, त्या मांजरांचं काय?"

याचं सोपं उत्तर माझ्याजवळ नाही. त्या प्राण्यांचा जीव गेला, आणि त्यांच्यामुळे आपल्याला हे कळलं. दोन्ही खरं आहे. आज असे प्रयोग करण्याआधी समितीची परवानगी लागते. प्राणी न वापरता काम होईल का, कमी प्राण्यांत भागेल का, त्यांना वेदना कमी कशा होतील, हे आधी दाखवावं लागतं.

"मी शास्त्रज्ञ झाले, तर आधी तेच शोधीन," भाची म्हणाली आणि खुर्चीवरून खाली उतरली. शेपटी आता निपचित पडली होती. तिनं ती कागदावर उचलली आणि अंगणात जास्वंदीखाली नेऊन ठेवली.

तुम्हांला काय वाटतं? घरी आईबाबांशी बोला, आणि आम्हांला जरूर लिहून कळवा.