धूर सोसलाच पाहिजे काय?

माझे बालपण घोडपदेवच्या एका चाळीत गेले. भोवताली गिरण्यांची धुराडी होती आणि पूर्वेस दारूखान्याजवळ कोळसा बंदर होते. आई दोरीवरचे धोतर काढी तेव्हा त्यावर काजळीचे ठिपके पडलेले असत. ती ते झटकी आणि म्हणे, "धुराडे पेटते, म्हणून आपली चूल पेटते." इंधन हवे तर धूर सोसलाच पाहिजे, असे आम्ही सारे धरून चाललो होतो. मुलांनो, हा समज खरा नाही, असे मला आज वाटते.

जवळच लालबागला गॅस कंपनी होती. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढलेल्या अशा गॅसमध्ये सुमारे निम्मा वाटा हायड्रोजनचा असतो. हायड्रोजन जळला की धूर होत नाही, राख उरत नाही. पाण्याची वाफ तेवढी होते. परंतु आजही जगातील बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळसा यांपासूनच काढतात. दिवा स्वच्छ, पण त्याचे तेल काळे!

पाण्यात तर हायड्रोजन भरपूर आहे. तो सूर्यप्रकाशाने मोकळा करता येईल काय? जपानच्या फुजिशिमा आणि होंडा या शास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखवून दिले की, टिटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचे विघटन करता येते. जो पदार्थ स्वतः खर्ची न पडता प्रकाशाच्या बळावर असे काम घडवितो, त्यास प्रकाश-उत्प्रेरक म्हणतात. मात्र या पदार्थाला अतिनील किरणच लागतात, आणि उन्हात त्यांचा वाटा सुमारे विसावा हिस्साच असतो.

म्हणून दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या पदार्थांचा शोध सुरू झाला. पुण्याच्या सी-मेट संस्थेचे डॉ. भारत काळे आणि त्यांचे कोरियातील सहकारी यांनी २००६ साली असा एक पदार्थ प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रचना झेंडूच्या फुलासारखी दिसते. दुर्गंधी हायड्रोजन सल्फाइडपासून तो उजेडात हायड्रोजन मोकळा करतो.

हे कण इतके बारीक कशासाठी? प्रकाश पडला की कणात इलेक्ट्रॉन सुटा होतो. पृष्ठभागापर्यंत पोहोचला तरच तो काम करतो. वाटेत अडकला तर श्रम वाया जातात. मोठ्या वाड्याच्या माजघरातून रस्ता गाठण्यास वेळ लागतो. आमच्या चाळीतील खोलीतून मात्र एक पाऊल टाकले की गॅलरी! नॅनोकण ही अशीच लहान खोली होय.

२०२१ साली टोकियोच्या संशोधकांनी १०० चौरस मीटर पृष्ठभागावर उन्हाने पाण्यापासून हायड्रोजन काढल्याचे प्रसिद्ध केले. उन्हातील शक्तीपैकी फार तर ०.७६ टक्के त्यात उतरली. शंभरांत एक गुणही नाही! काहीजण यास हसतील. मी मुख्याध्यापक होतो. पहिल्या चाचणीत नापास झालेल्या मुलाचे नाव मी कधी शाळेतून काढले नाही. पण त्याच्या प्रगतिपुस्तकावर खोटे गुणही लिहिले नाहीत.

या विद्येशीही असेच वागावे. तिला धीराने वेळ व पैसा द्यावा आणि तिचे दोषही स्पष्ट सांगावेत. त्या झेंडूतील कॅडमियम विषारी आहे. धूर गेला आणि विष आले, असे होता कामा नये. कारण नव्या कारखान्याशेजारीही कोणाची तरी चाळ असेल, आणि तेथेही कोणाची तरी आई दोरीवर कपडे वाळत घालील.