पाण्याखालचा अब्दुल्ला

मुलांच्या एका नव्या खेळाबद्दल पालक आम्हाला विचारतात. खेळ तसा जुना आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. टेबलाभोवती बसायचे. सूत्रधार प्रसंग सांगतो, प्रत्येक जण एक पात्र होऊन आपण काय करू ते सांगतो. जमले की फसले, हे बहुतेक वेळा वीस बाजूंचा फासा ठरवतो. पैसे लावायचे नसतात. ज्या घरात फासाच नको, तिथे 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या काढाव्यात.

यातले एक पात्र म्हणजे समुद्री एल्फ. पाण्यात आणि हवेत, दोन्हीकडे श्वास घेणारा. आपल्याला तो परका नाही. 'अलिफ लैला'तला समुद्री अब्दुल्ला आठवा. कोळी अब्दुल्ला त्याला फळे देई, तो बदल्यात हिरे-मोती. पाण्याखाली मौत झाली की मेजवानी असे. जमिनीवर लोक रडतात हे ऐकून तो चकित झाला. अल्लाहची अमानत परत देताना तुम्ही रडता, मग माझी अमानत कशी सांभाळाल, असे म्हणून त्याने दोस्ती तोडली.

असे पात्र घेणाऱ्याने नुसते पोहायचे नसते, पाण्यातून आपल्याकडे बघायचे असते. सुट्टीत मुलांना हा प्रसंग द्या : रंकाळ्यातून एक जलवासी वर आला आहे, हातात आपणच फेकलेली प्लास्टिकची पिशवी आहे. एकाने जलवासी व्हावे, बाकीच्यांनी कोल्हापूरकर. त्याच्या प्रश्नांना मोठ्यांनीही उत्तरे द्यावीत.